कमरेचे मणी

२९ जानेवारी, सोमवार

दवाखान्यातली कोनाडू सिस्टर म्हणाली, काय खाता ते रोज लिहून ठेवा. फ्रेमा फोनवर म्हणाली, "आई, मनात काय येतं तेही लिही. नाहीतर सगळं माझ्या कानात ओततेस." पोटच्या पोरीला एवढं बोलायचा हक्क आहे, म्हणून लिहिते.

खाल्लं: सकाळी काही नाही. दुपारी उखळात कांडलेल्या कंदाचा फुफू आणि रस्सा. संध्याकाळी भीतीपोटी काही नाही.

साखर आहे म्हणे. रक्तात. मी आधी हसले. सगळा जन्म गोड पाव भाजण्यात गेला. साखर माझ्या केसांत आहे, नखांत आहे, मग रक्तानंच काय घोडं मारलंय? सिस्टर हसली नाही. तिनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा दाबून पाहिला. भट्टीचा पत्रा लागून झालेली जखम आहे, ख्रिसमसपासून भरत नाही.

"आंटी, आजपासून बदललात तर पाय तुमचा," ती म्हणाली. "नाही बदललात तर मी काही कबूल करत नाही."

आईचाही आधी अंगठाच होता. मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. मग ती अंगानं आटत गेली. शेवटी घराण्याच्या पितळी पलंगावर तिला निजवलं, लोक दर्शनाला आले, तेव्हा पलंगच मोठा दिसत होता.

फ्रेमाला मेच्या शेवटी बाळ होणार. किती वर्षं वाट पाहिली, किती विनवण्या केल्या देवाच्या, तेव्हा कुठं. बाळंतपणाला ती माझ्याकडे येईल आणि बाळाला न्हाऊ मी घालायचं. खाली बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, त्यांवर बाळ आडवं घ्यायचं. एका पायावर बाळ कसं मावणार? दवाखान्यातून परत येताना ट्रोट्रो गाडीत माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं.

३ फेब्रुवारी, शनिवार

चालायला लागले. सकाळी भट्टी उतरली की मोठे कॅनव्हासचे बूट घालून कोकोच्या गोदामापर्यंत जायचं आणि परत यायचं.

आमच्या कोनोंगोत डोक्यावर काही नसताना बाईमाणूस झपाझप चालत नाही. पहिल्या दिवशी रस्त्याकडेला मक्याचे उकडलेले गोळे विकणाऱ्या केंकेवालीनं हटकलंच. "बिरागो, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कोण पळालं?"

दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन चालते. आता कुणी विचारत नाही.

खाल्लं: फुफू अर्धा. आमेले रागावली आहे. ती माझ्या बेकरीत पीठ मळते आणि दुपारचा फुफूही तीच कांडते. आज वाडगं समोर आदळून म्हणाली, "मादाम, घाम माझा पूर्ण गेला. तुम्ही अर्धाच खाणार. उरलेल्या अर्ध्यानं काय पाप केलं?"

"माझ्या पायानं केलंय."

"पायानं कुठं खातात?" ती म्हणाली आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला.

११ फेब्रुवारी, रविवार

लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहिलं तर वही कशाला.

चर्चला जायच्या आधी गरम लाद्या पत्र्यावरून काढत होते. एका पावाचा कोपरा सुटून हातात आला. खरपूस, वरून साखर चमकत होती. तो खाल्ला. मग दुसऱ्या पावाचा कोपरा आपण होऊन सुटला नाही, मी सोडवला. मग असा तुटका पाव विकणार कसा, म्हणून तो सगळाच.

चर्चमध्ये पाद्रीबाबा काय बोलले एक अक्षर आठवत नाही. सगळा वेळ बुटातला अंगठा ठणकतोय का याच्याकडे लक्ष. ठणकत नव्हता. त्यानं जास्तच घाबरले. आईचा शेवटी शेवटी ठणकायचा थांबला होता.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मणी घसरले.

वयात आले तेव्हापासून कमरेला मणी आहेत. काटा बिटा मला कळत नाही. सिस्टरच्या काट्यावर मी बूट काढू की नको इथूनच सुरुवात होते. पण मणी खोटं बोलत नाहीत. नवरा होता तेव्हा तोही म्हणायचा, तुझे मणी आधी रुततात, मग तुला कळतं. गेली कित्येक वर्षं ते पोटाच्या वळीत रुतून बसले होते, आंघोळीला बोटानं शोधावे लागायचे. आज आंघोळ करताना सगळे सर खाली माकडहाडावर आले. आपोआप.

मी न्हाणीघरात एकटीच हसले. मग हसू थांबलं. आईचेही घसरले होते. ती काही अर्धा फुफू खात नव्हती, चालतही नव्हती, तरी घसरले होते. मग माझे कशानं घसरले? चालण्यानं, की त्यानं?

सिस्टरला फोन केला. म्हणाली, "आंटी, जखम बघा. भरतेय ना?"

किंचित भरलीय. निदान मला तसं दिसतंय. चष्मा बदलायला हवा.

६ मार्च, बुधवार

आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. गावाहून वोफा आला. माझा थोरला भाऊ आम्पोफो. मुलांचा तो मामा, म्हणजे वोफा, म्हणून मीही वोफाच म्हणते. आता घराण्याचा प्रमुख आहे, त्याच्या शब्दाशिवाय आमच्यात लग्न होत नाही की मयत उठत नाही. अंगानं भरलेला, हसला की खुर्ची हलते. ख्रिसमसनंतर मला पहिल्यांदाच पाहत होता.

दारातच थांबला. हसला नाही. खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही. ऊन फार आहे." त्यानं गोड माल्टची बाटली मागवली. मग दुसरी. मग तिसरी. तरी घसा कोरडाच. दोन-तीनदा मागच्या भिंतीकडे जाऊन आला. तेवढं प्यायल्यावर जाणारच.

मी त्याला सगळं हौसेनं सांगितलं. फुफू अर्धा, गोड बंद, रोज चालणं. उठून गिरकी घेऊन दाखवली. म्हटलं, बघ, कापड दोनदा गुंडाळलं तरी खाली येतं.

"बिरागो," तो म्हणाला, "माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

"लपवण्यासारखं उरलंय काय? अर्धी तर गेले."

ही थट्टा होती. तो बाहेर जाऊन नाक शिंकरून आला. धूळ आहे म्हणाला. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. म्हातारपणी माणूस हळवा होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

८ मार्च, शुक्रवार

मागच्या भिंतीला मुंग्यांची ही रांग. आमेलेला झापलं, साखरेचं पोतं फुटलंय का बघ. तिनं सगळी पोती हलवून दाखवली. एकही फुटलेलं नाही. मग कुठून येतात मेल्या? राख टाकली.

१७ मार्च, रविवार

वोफाकडून आज तिसऱ्यांदा टोपली आली. रताळ्याएवढ्या गोगलगायी, याम, भाजलेलं रानउंदराचं मांस, पामतेल, आणि माल्टची अख्खी पेटी. सोबत निरोप: जे मनाला येईल ते खा, मन मारू नकोस.

मी मन मारायचा एवढा आटापिटा करतेय आणि हा पेट्या पाठवतोय. माल्ट आमेलेला दिलं. ती बाटली हातात धरून रडायला लागली.

"तुला काय झालं?"

"काही नाही, मादाम. तुमचा जीव मोठा आहे."

फुकट मिळालेल्या माल्टवर माणसं रडायला लागली तर पुढं कसं व्हायचं?

२५ मार्च, सोमवार

गावचं घर रंगवायला काढलंय. फ्रेमाच्या बाळाचं बारसं तिथं करायचं असं मी वोफाला एकदा बोलले होते, ते त्यानं मनावर घेतलेलं दिसतं. आईच्या वेळीही एवढं मन लावून रंगवलं नव्हतं. फोनवर म्हटलं, "वोफा, अजून दोन महिने आहेत, एवढी घाई कशाला?"

त्यानं तिकडचा रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "दोन महिने? तुला कुणी सांगितलं?"

"सिस्टरनंच. मेचा शेवट धरून चाला म्हणाली."

"अरे देवा," तो म्हणाला. "माणसं आजकाल तोंडावर सांगतात."

मग त्यानं फोटोवाल्याला पाठवलं. माझा फोटो हवाय म्हणे, मोठा, केंतेचं सणाचं वस्त्र नेसून, सोन्याच्या माळा घालून. नव्या भिंतीवर आजीचा फोटो पाहिजेच. फोटोवाला म्हणाला, "मादाम, किंचित हसा. फार नको." मी म्हटलं, बारशाचा फोटो आहे, हसू दे की मोकळेपणी. त्यानं कॅमेऱ्यात तोंड घातलं. आणि वोफानं त्याच्याकरवी विचारलं होतं, चर्चमधलं तुला कुठलं गाणं जास्त आवडतं? मी सांगितलं. गाऊन पण दाखवलं.

३१ मार्च, रविवार, ईस्टर

चर्चच्या बायकांचा ताफा दारात आला आणि माझं आवडतं गाणं गायला. तीन कडवी, चौथं पण. मला कसंतरीच झालं. ईस्टरला आजपर्यंत कुणाच्या दारात येऊन गायलेल्या नाहीत. चुगली वोफाचीच, दुसरं कोण.

गाणं छान झालं. पण गाताना सगळ्यांचे डोळे माझ्या गळ्याच्या हाडांवर होते. पूर्वी ती हाडं नव्हतीच. म्हणजे होती, दिसत नव्हती.

९ एप्रिल, मंगळवार

आज कहर झाला. समोरची दुफी आली. बटर पाव भाजते. माझी लांब ताटं नेऊन कधी परत केली नाहीत आणि बाजारभर सांगत सुटली की माझ्या पावात भुसा असतो. ती ताटं घासून-पुसून घेऊन आली.

"बिरागो, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. भुशाचं मीच बोलले होते."

"ते गावाला माहीत आहे."

"माफ केलं म्हण ना," ती म्हणाली, आणि माझ्या पायाशी बसली. दुफी. पायाशी. मी म्हटलं, बरं बाई, केलं. ती गेली तशी माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणखी एक. पाव उरतोय. ट्रोट्रोचे ड्रायव्हर पूर्वी हॉर्न वाजवून वाजवून न्यायचे, आता दुफीकडे थांबतात. आमेले मान खाली घालून म्हणाली, "मादाम, लोक म्हणतात, आजारी हाताचा पाव नको."

"कोण आजारी?"

ती पीठ मळत राहिली.

१२ एप्रिल, शुक्रवार

राहवलं नाही. आज दवाखान्यात गेले. सिस्टरनं बोट टोचलं, यंत्रात बघितलं आणि म्हणाली, "आंटी, फार छान. असंच चालू द्या." जखमेवरची पट्टी काढली. "बघा, कातडी धरलीय."

तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. फार गोड हसत होती. आमच्यात वाईट बातमी माणसाला कधी सांगत नाहीत, घराण्याच्या प्रमुखाला बाजूला घेऊन सांगतात. आईचं वोफालाच सांगितलं होतं, आई शेवटपर्यंत म्हणत होती, पाय उगवणार नाही पण मी उठणार. मग सिस्टरनं माझं कुणाला सांगितलं असेल?

संध्याकाळी फ्रेमाचा फोन. "आई, जेवतेस ना?" एवढं विचारून रडायला लागली. आत्ताच्या आत्ता निघते म्हणाली. मी ओरडलेच. ताकोरादीहून इथवर, या रस्त्यांनी, सातवा महिना उलटलेला. "कोण तुझे कान भरतंय?"

"कुणी नाही."

कुणी नाही, कुणी नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच.

खाल्लं: काही नाही. पण हे न खाणं वेगळं. जीवच लागत नाही कशात.

२१ एप्रिल, रविवार

काल गावी गेले. न सांगता.

घर लांबूनच चमकत होतं. पिवळं, चौकटी तपकिरी. अंगणात नवी वाळू पसरलेली. कडेला भाड्याच्या खुर्च्यांची चळत, ताडपत्रीचे खांब. बारशाला एवढ्या खुर्च्या? वोफा शेतावर गेला होता. मी दिवाणखान्यात शिरले.

पितळी पलंग मधोमध आणून ठेवला होता. लिंबू-राखेनं घासलेला, नुसता झळझळत होता. माळ्यावर पडलेला पलंग बारशाला कुणी काढत नाही. तो एकाच कामाला काढतात. उशाशी भिंतीवर माझा फोटो. केंते, माळा, किंचित हसू.

मी पलंगाच्या कडेला हात ठेवला. गार होता. मला आधी काय वाटलं ते खरं लिहिते. वाटलं, किती छान घासलाय.

मग बाहेर आले. ओट्यावर बसून राहिले. एक एक सगळं डोळ्यांसमोरून गेलं. टोपल्या, गाणं, दुफी, फोटोवाला, किंचित हसा, फार नको. सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही.

कुणाला न भेटता परत आले. बेकरीत न खपलेले पाव होते. त्यातला एक पूर्ण खाल्ला, मग लोणी लावून दुसरा. मरायचंच आहे तर अर्धा फुफू कुणासाठी? गोदामापर्यंत घमेलं घेऊन कुणासाठी गेले मी? गोड लागला. फार गोड लागला. नंतर उलटी झाली.

आज चर्चला गेले नाही. पाय लांब करून बसले आहे. दोन्ही पाय आहेत. काळी, जाड, माझीच पावलं. एवढा एक महिना आणि थोडे दिवस मिळाले असते तर मी आणखी काही मागितलं नसतं.

२३ एप्रिल, मंगळवार

वोफाला बोलावून घेतलं. आला. आमेलेनं विचारायच्या आधीच माल्ट आणलं, त्यानं उभ्यानंच संपवलं आणि मागच्या भिंतीकडे गेला. परत येऊन बसला. मी सरळ विचारलं.

"वोफा, सिस्टरनं तुला काय सांगितलं?"

"कुठली सिस्टर?"

"मला फसवू नकोस. पलंग बघून आलेय मी."

त्याचा चेहरा पडला. टोपी फिरवत बसला.

"मला कुणी काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "सांगायला कशाला हवं? डोळे आहेत मला. खाणारं माणूस असं आटत नसतं. आई अशीच आटली. आणि तूच म्हणालीस, दोन महिने, सिस्टरनं सांगितलं."

"ते बाळाचं, वोफा. फ्रेमाच्या बाळाचं."



"मला वाटलं," तो हळू म्हणाला. मग एकदम रडायला लागला, एवढा मोठा माणूस, घराण्याचा प्रमुख. "आईच्या वेळी घर रंगवलेलं नव्हतं. छप्पर गळत होतं. किती आठवडे तिला दवाखान्याच्या बर्फाच्या खोलीत ठेवावं लागलं, ती एकटी, आणि मी रंगाऱ्याच्या मागे पळतोय. लोक म्हणाले, मुलाला आईचं घर धड करता आलं नाही. तुझ्या वेळी तसं नको होतं. तुला थांबायला लागू नये म्हणून."

मी चिडणार होते. दोन दिवस तोंडपाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण त्याचं तोंड बघितलं. "मी जरा येते," म्हटलं आणि रडायला मागच्या बाजूला गेले.

भिंतीशी ओल होती. आत्ताचीच, तो जाऊन आलेला तिथली. आणि त्या ओलीला मुंग्या लागल्या होत्या. राखेच्या रेघेवरून चढून, घाईघाईनं, गूळ सांडल्यावर येतात तशा.

पोतं फुटलं नव्हतं.

मी डोळे पुसले आणि आत आले. त्याला नीट पाहिलं. सुटलेलं पोट, सुकलेले ओठ, रिकामी बाटली. मुंग्यांचं त्याला सांगितलं असतं तर हसून उडवलं असतं. म्हणाला असता, मी धडधाकट, बघ माझं पोट.

"तुला माझं ऐकायचं नसेल तर सिस्टरच्या तोंडून ऐक," मी म्हटलं. "घराण्याचा प्रमुख म्हणून चल. उद्या सकाळी. खरं काय ते तुलाच सांगेल ती."

"चल," तो म्हणाला. त्याला तेच हवं होतं.

२४ एप्रिल, बुधवार

सिस्टरला मी आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं. तिनं माझं बोट टोचलं, यंत्र वोफासमोर धरलं. "ही तुमच्या बहिणीची साखर. जवळजवळ माझ्यासारखीच. तिनं कमावलीय ती." मग पट्टी काढून अंगठा दाखवला. त्यानं वाकून, चष्मा लावून, कोको विकत घेताना बघतात तसा निरखला.

"म्हणजे ती मरत नाही?"

"अजून तरी नाही," सिस्टर म्हणाली. "आता तुमचं बोट द्या."

"माझं कशाला? मी तर खाऊन-पिऊन आहे."

"दे म्हटलं की दे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी घर मी अजून नाही रंगवलेलं."

त्यानं दिलं. थेंब पडला. यंत्रात आकडा आलाच नाही. नुसतं 'फार जास्त' एवढंच उमटलं. सिस्टरनं पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. तिचं हसू गेलं आणि तेव्हा मला कळलं की माझ्या वेळचं तिचं हसू खरं होतं.

दोन दिवसांसाठी त्याला इथंच ठेवून घेतलंय, हाताला नळी लावून. मी बाकावर बसून आहे. मघाशी म्हणाला, "बिरागो, खुर्च्यांचं भाडं आगाऊ दिलंय." मी म्हटलं, गप झोप.

१२ मे, रविवार

वोफा माझ्याकडेच राहतोय. फुफू अर्धा. तोंड फुगलेलं. आमेले त्याला म्हणते, "वोफा, उरलेला मी खाते, काळजी नको." सकाळी आम्ही दोघं गोदामापर्यंत जातो. घमेलं आता त्याच्या डोक्यावर. पुरुषानं घमेलं घेतलेलं बघून केंकेवालीनं तोंडात बोट घातलं.

फ्रेमा आली. बसमधून उतरल्या उतरल्या मला सगळीकडून चाचपून पाहिलं. मग मी तिला.

ट्रोट्रोवाले अजून दुफीकडेच थांबतात. मरत नाही हे लोकांना सांगायचं तरी कसं?

२९ मे, बुधवार

मुलगी. फ्रेमा बरी आहे. मी पण.

६ जून, गुरुवार

काल बारसं झालं. गावच्या घरी, पिवळ्या भिंतींत, वोफानं आगाऊ भाडं दिलेल्या सगळ्या खुर्च्यांवर. पितळी पलंग कुठं ठेवायचा यावर म्हाताऱ्या कुजबुजत होत्या. वोफा म्हणाला, एवढा घासलाय, वाया कशाला घालवायचा. फ्रेमा आणि बाळ त्यावर झोपली. एक म्हातारी उठून निघून गेली. जाऊ दे.

आज सकाळी अंगणात न्हाऊ घातलं. खाली बसले, पाय लांब केले. अंगठ्याला नुसता पांढरा वण राहिलाय. पोरीला आडवं घेतलं, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत छान मावली. माझ्या सरांतले जे मणी जास्तीचे झाले होते ते उतरवून फ्रेमानं बाळाच्या कमरेला बांधलेत. त्या मण्यांत माझं सगळं पोट होतं, आता तिचं भरेल. घट्ट झाले की समजायचं.

वोफा शेजारी पाटावर बसून बघत होता. खांद्यावरचं कापड सारखं घसरत होतं त्याचं. गळ्याची हाडं वर आलीत. गाल बसलेत. सिस्टर म्हणते, साखर खाली येतेय, हे बरं होण्याचं लक्षण. असेलही. पण मी आईलाही बघितलंय. तो वाकला, कापड पुन्हा सरकलं. तोंडातून निघून गेलं.

"वोफा, चर्चमधलं तुला कुठलं गाणं आवडतं?"

त्याचा हात पाण्याच्या भांड्यावर थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"नाही सांगणार," तो म्हणाला. "सांगितलं की तू तयारीला लागशील."

 त्यानं भांडं पुढं केलं, मी पोरीच्या डोक्यावरून पाणी सोडलं आणि ती रडायला लागली.